दारात अडकलेली खुर्ची

तळमजल्यावरच्या सोफेवाल्याला कुणी त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली, तर तो वळूनसुद्धा बघणार नाही. अख्खी इमारत त्याला स्प्रिंग म्हणते. बायका स्प्रिंगभाऊ म्हणतात, पोरंटोरं स्प्रिंगकाका, आणि मोडकी खुर्ची फुकटात ठोकून हवी असली की तोच स्प्रिंगशेठ होतो. नाव धंद्यावरून पडलं असेल, असं नव्या भाडेकरूंना वाटतं. वाटू दे. खरं म्हणजे ते पडलं त्याच्या बसण्यावरून. गावभरच्या सोफ्यांना बूड देणारा हा गडी स्वतःचं बूड कुठे टेकेल तर शपथ. चहा उभ्याने, पेपर फेऱ्या मारत, आणि नाइलाजाने जेवायला बसलाच तर एक गुडघा असा हलत असतो की ताटातल्या वाट्या एकमेकींशी कुजबुजायला लागतात.

"अरे, घास तरी एका जागी राहून गीळ," त्याची म्हातारी आई खाटेवरून म्हणते. "आत गेलेल्या अन्नाला घेरी येईल."

"येऊ दे. पडेल तिथं पचेल," असं म्हणून स्प्रिंग हात धुवायला उठलेला असतो.

त्याचं दुकान मागच्या गल्लीत आहे. दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. त्यात एक सोफा मावतो, आणि तो आत असला की कारागीर बाहेर. म्हणून तयार झालेला माल गिऱ्हाईक न्यायला येईपर्यंत घरी येऊन पडतो, आणि घर तरी केवढं? दोन खोल्या. मागच्या खोलीत स्वयंपाक, पुढच्या खोलीत म्हातारीची खाट, बायकोचं शिलाई मशीन, मुलीची अभ्यासाची फळी आणि कुणाचा ना कुणाचा तरी सोफा. आज वकिलाचा, उद्या हॉटेलाचा, परवा एखाद्या नव्या नवरा-नवरीचा. लोकांकडे पाहुणे मुक्कामाला येतात, यांच्याकडे फर्निचर येतं. म्हातारी प्रत्येक सोफ्यावर एकदा बसून बघते आणि निकाल देते: "हा माणूस कंजूष असणार, हात ठेवायला जागाच नाही." नाहीतर: "याची बायको पाठदुखीची आहे." निकाल बहुतेक वेळा बरोबर निघतो, आणि चुकला तर चुकला हे म्हातारीला सांगणार कोण?

घरात कापड म्हणाल तर सगळं उरलंसुरलं. खिडकीचा पडदा हॉटेलाच्या खुर्च्यांचा, म्हातारीचा लोड बँकेतल्या बाकड्याचा, आणि मुलगी कॉलेजला नेते ती पिशवी वकिलाच्या सोफ्याची. एकदा त्या वकिलाची बायको बसथांब्यावर मुलीकडे टक लावून बघत राहिली. "तुला कुठेतरी पाहिलंय, पण आठवत नाही," म्हणाली. मुलगी म्हणाली, "मला नाही काकू, पिशवीला पाहिलंय. तुम्ही बसता तिच्यावर." घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा चौघांची हसून हसून पुरेवाट झाली.

असं ते घर. कुणाला काही कमी पडत नाही, कारण कुणी काही मागतच नाही. मुलीला विचारा, काय हवं? "काही नाही, आहे की." म्हातारीला विचारा, तर "मला आता काय करायचंय?" आणि बायकोला विचारलं तर ती उलट यालाच विचारते, "का, तुम्हाला काही हवंय?" दुसरा एखादा असता तर असल्या घरात पाय पसरून सुखाने घोरला असता. स्प्रिंगच्या मात्र डोक्यात कायमचा किडा वळवळायचा. यांना खरंच काही नको असतं, की आपल्याकडे बघून नको म्हणतात? हे कळायचं कसं? माणसाला उसवून आत बघायची सोय नाही. सोफा असता तर बघितलं असतं.

त्याच्या बायकोला इमारत वहिनी म्हणते. वहिनींना ना घाई, ना आरडाओरडा. पण बसलेल्या त्याही कुणाला दिसायच्या नाहीत. मशीनवर बसायच्या तेवढंच. कुशनच्या खोळी त्याच शिवतात. पण मशीनवर बसण्याला बसणं म्हणायचं, तर घोड्यावर बसण्याला आराम म्हणावं लागेल. मुक्कामाला आलेल्या सोफ्यांना त्या कधी टेकल्यासुद्धा नाहीत. "दुसऱ्याची वस्तू, चुरगळायला नको," म्हणायच्या आणि उभ्या उभ्याच मटार सोलायच्या.

आता या इमारतीची एक खोड सांगितली पाहिजे. इथे दिवसा कुणी दार लावत नाही. पहाटे उघडलेलं दार रात्री निजतानाच लागतं. मधल्या वेळात ज्याला वाटेल तो आत येतो, काय शिजतंय बघतो, पंख्याखाली उभा राहतो, वाटीभर साखर नेतो आणि बातमी ठेवून जातो. भर दिवसा दार लागलंच, तर इमारतीला तीनच कारणं माहीत आहेत. घरात भांडण आहे, आजारपण आहे, किंवा काहीतरी खमंग शिजलंय आणि ते वाटायचं नाहीये. तिन्ही कारणांसाठी लोक दार ठोठावतात.

तर झालं असं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक खुर्ची दुरुस्तीला पाठवली. खुर्ची कसली, सिंहासनच! उंच पाठ, पाठीला दोन्ही बाजूंनी हत्तीचे असावेत तसे कान, आणि हात एवढे रुंद की त्यावर ताट ठेवून जेवावं. डॉक्टरीणबाईंचे वडील दिवसभर त्याच खुर्चीत बसायचे. बसून बसून खालचे पट्टे तुटले होते, स्प्रिंगा एका अंगाला झुकल्या होत्या. स्प्रिंगने नवे पट्टे ताणले, स्प्रिंगा सुतळीने आठ बाजूंनी बांधल्या, गोणपाट, काथ्या, कापूस असे थर चढवले आणि खुर्ची घरी आणली.

तिथं घोडं अडलं. पुढच्या खोलीत बँकेच्या मॅनेजरचा लांबलचक सोफा आधीच पसरला होता आणि मॅनेजर बाहेरगावी गेला होता. गाळ्याशेजारच्या इस्त्रीवाल्याच्या मदतीने खुर्ची सोफ्यावरून कशीबशी आत घेतली, पण ती सरकेना पुढे, सरकेना मागे. दाराच्या आत, अगदी दारालाच पाठ लावून बसली. दार उघडलं की खुर्चीच्या पाठीला आपटायचं आणि दीड वीत फट उरायची. या घरात कुणाच्याच अंगावर मांस नाही म्हणून बरं. तिघंही आडवी होऊन आत-बाहेर करायला लागली. म्हातारीला बाहेर जायचं नव्हतंच.

शेजारच्या हळूकाकू मात्र बाहेरच राहिल्या. त्या प्रत्येक वाक्याची सुरुवात "हळू सांगते हं" अशी करतात आणि मग तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जातं, म्हणून हळूकाकू. बाई मनाने मोठी, देहानेही मोठी. फटीतून एक हात आणि अर्धा खांदा आत घालून म्हणाल्या, "वहिनी, ही काय नाकेबंदी?"

"दोन दिवस काकू. गिऱ्हाईक नेईल," आतून वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्प्रिंगची दाभण घरी राहिली, म्हणून तो घ्यायला आला. फटीतून डोकं आत घातलं, खुर्चीच्या पाठीवरून मान वळवली आणि तसाच थबकला. मशीन बंद. म्हातारी खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजलेली. आणि खुर्चीत त्याची बायको. डोकं खुर्चीच्या उजव्या कानावर कललेलं, एक हात खाली लोंबलेला, तोंड उघडं, आणि श्वास इतका जड की ओठ थरथरत होता.

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण बायको दिवसा झोपलेली त्याने कधी पाहिली नव्हती. आजारी आहे की काय? मग तिने झोपेतच नाक खाजवलं आणि आणखी खोल रुतली. स्प्रिंगने डोकं अलगद मागे घेतलं आणि दाभण न घेताच परत गेला. पुढे दुपारभर तो गाळ्यासमोर येरझाऱ्या घालत होता. इस्त्रीवाल्याने विचारलं, "काय हरवलं?" तर म्हणाला, "सापडलंय."

सापडलं होतं खरंच! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं होतं, बायकोला काय हवं ते. खुर्ची! आणि खुर्ची म्हणजे त्याचीच विद्या. देव पावला असं त्याला वाटलं आणि लगेच घोरही लागला, कारण उद्या डॉक्टरीणबाई खुर्ची न्यायला येणार होत्या.

या धंद्यात स्प्रिंगचा शब्द म्हणजे शब्द. दिलेल्या दिवशी माल तयार नाही, असं त्याच्या हातून कधी घडलं नव्हतं. तोच स्प्रिंग त्या संध्याकाळी फोनवर डॉक्टरीणबाईंना सांगत होता, "काथ्या आला नाही बाई. चांगला काथ्या. हलका घालणं मला जमायचं नाही." खाटेवरून म्हातारी बघत होती. काथ्या खुर्चीच्या पोटात होता आणि खुर्ची तिच्यापासून हातभर.

"आजी, बाबा खोटं बोलले ना?" मुलीने विचारलं.

"मला ऐकू येत नाही हल्ली," म्हातारी म्हणाली. तिला पलीकडच्या घरातल्या चमच्याचासुद्धा आवाज येतो.

मग रोज दुपारी काही ना काही निमित्त काढून स्प्रिंग फटीशी यायचा. वहिनी झोपलेल्या असायच्या, नाहीतर नुसत्याच बसलेल्या, हात मांडीवर टाकून. तो बघायचा आणि जायचा. पण बघताना कारागिराचा डोळा मिटतो थोडाच! बैठकीचा उतार, पाठीचा कल, मानेला मिळालेला टेकू, सगळं तो मनात टिपत होता. असं काय घातलं आपण हिच्यात? थर तर नेहमीचेच. की हा कानांचा प्रताप? की हातांची उंची? रात्री कूस बदलताना हाच विचार. जेवताना गुडघा इतका हलायला लागला की मुलीने एकदा वाटीवर पुस्तक ठेवलं.

इकडे डॉक्टरीणबाईंचा फोन रोज. काथ्या झाला, मग स्प्रिंगा गंजक्या निघाल्या, मग पॉलिशवाला आजारी पडला. अखेर बाई स्वतः गाळ्यावर आल्या. रागावलेल्या असत्या तर परवडलं असतं. त्या हसून म्हणाल्या, "अहो, माझे वडील स्टुलावर बसतात आणि रोज मला विचारतात, खुर्ची वारली का? तसं असेल तर सांगा, त्यांना मन घट्ट करता येईल."

स्प्रिंगच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. म्हातारा माणूस स्टुलावर! स्वतःच्या आईला त्याने कधी स्टुलावर बसू दिलं नव्हतं. "येत्या रविवारी सकाळी खुर्ची तुमच्या घरी पोचेल बाई," तो म्हणाला. "नाही पोचली तर मला त्या स्टुलावर बसवा."

रविवारच्या आत दुसरी खुर्ची उभी करायची होती. गाळ्याच्या माळ्यावर एक सांगाडा पडला होता, कुण्या गिऱ्हाइकाने कधीच न नेलेला. त्याला कान नव्हते, ते त्याने फळ्यांचे कापून बसवले. कापड एका रंगाचं पुरेना. मग बैठक हिरवी, पाठ तपकिरी, आणि दोन कान दोन जातीचे. पण माप? नगरसेवकापासून नाटकवाल्यापर्यंत सगळ्यांच्या बुडाची मापं या माणसाच्या डोक्यात आहेत. बायकोचं माप मात्र नाही. "जरा बस ना इथं," असं तो घरात दोनदा म्हणाला, तर वहिनी म्हणाल्या, "बसते हं," आणि कढईकडे गेल्या.

शेवटी त्याने मुलीला गाळ्यावर बोलावलं. पोरीने पाय आईचे घेतलेत आणि जीभ आजीची. तिला सांगाड्यावर बसवून तो गुडघ्यामागून टेप लावायला लागला.

"माझ्यासाठी करताय बाबा?"

"नाही. आईसाठी."

"बरं," मुलगी म्हणाली आणि पाय सरळ केले.

बरं! एवढंच. रुसवा नाही, की "मग मला काय?" नाही. स्प्रिंगला ते 'बरं' दाभणीसारखं टोचलं. हे आपल्या घरात इतकं स्वस्त कसं झालं? त्याने टेप खाली ठेवला. "तुला नको का काही?"

"हवंय ना."

"काय?" तो असा वळला की टेबलावरच्या चुका सांडल्या. चुका म्हणजे त्याच्या धंद्यातले ते बारीक टोकदार खिळे.

"लवकर माप घ्या. माझ्या पायाला मुंग्या आल्यात."

रोज उजाडायच्या आत स्प्रिंग घराबाहेर पडायला लागला तशी इमारतीत कुजबुज सुरू झाली. हळूकाकूंनी हळूच सगळ्यांना सांगितलं की स्प्रिंगभाऊंचं काहीतरी बिनसलंय, माणूस पहाटे जातो, आल्यावर बायकोकडे चोरून बघतो, आणि परवा स्वतःशीच म्हणत होता, "उतार थोडा जास्त हवा." कुणी म्हणालं जमीन घेतोय. उतारावरची स्वस्त मिळते. वहिनींच्या कानावर गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "घेतली तर मला एक खिडकी मागायचीय त्यांच्याकडे."

रविवारी सकाळी डॉक्टरीणबाईंची खुर्ची गेली. त्याच दिवशी मॅनेजरही उगवला आणि सोफा घेऊन गेला. पुढची खोली इतकी मोकळी झाली की म्हातारीला थंडी वाजायला लागली. दार पूर्वीसारखं सताड उघडं. आणि मग स्प्रिंग आणि इस्त्रीवाला नवी खुर्ची घेऊन आले. सगळ्यात चांगल्या जागी, खिडकीजवळ, पंख्याच्या वाऱ्यात ती ठेवली.

"ही कुणाची?" वहिनींनी विचारलं.

"ही जात नाही कुठे," स्प्रिंग म्हणाला. "ही तुझी."

वहिनी खुर्चीभोवती एक फेरी मारून आल्या. एका कानाला हात लावला, दुसऱ्या कानाला लावला. "हा वकिलाचा, आणि हा हॉटेलाचा," म्हणाल्या आणि डोळे पुसायला लागल्या. म्हातारी म्हणाली, "आता रडून कापड भिजवू नकोस. बस." त्या बसल्या. मुलीने टाळ्या वाजवल्या. स्प्रिंग समोर उभा राहून त्यांच्या मानेकडे, कमरेकडे, गुडघ्यांकडे बघत होता. माप तंतोतंत होतं. सूतभर इकडचं तिकडे नव्हतं.

"छान आहे हो," वहिनी म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने उठल्या. भाजी करपत होती.

सोमवारी दुपारी स्प्रिंग दाराशी आला. चोरपावलांची गरजच नव्हती, दार उघडंच होतं. वहिनी गॅसजवळ उभ्या राहून चहा गाळत होत्या. खुर्चीत हळूकाकू होत्या आणि म्हणत होत्या, "हळू सांगते हं वहिनी, असली खुर्ची माझ्या माहेरीसुद्धा नव्हती." मंगळवारी इस्त्रीवाल्याची सासू होती. बुधवारी खुर्ची रिकामी होती आणि वहिनी मशीनवर.

स्प्रिंगची झोप उडाली. कुठे चुकलं? बैठक कडक झाली असेल. त्याने खुर्ची उसवून एक थर कमी केला. गुरुवारी वहिनी परत उभ्याच. मग उतार वाढवला. मग पाठीत कापूस घातला, काढला, अर्धा घातला. खुर्ची उसवून उसवून तिच्या कडेच्या कापडाला चाळणीसारखी भोकं पडली. गाळ्यावर गिऱ्हाइकं खोळंबली आणि हा घरी गुडघ्यावर बसून बायकोच्या खुर्चीचं पोट फाडतोय. "डॉक्टरसुद्धा एका पेशंटचं इतक्यांदा ऑपरेशन करत नाही," म्हातारी म्हणाली.

एका संध्याकाळी तो पुन्हा चुका उपटायला बसला तेव्हा वहिनी चहा घेऊन आल्या.

"आता काय निघालं हिच्यात?"

"पाठ थोडी पुढे येतेय."

"कुणाच्या पुढे?"

"तुझ्या! बसत नाहीस ना तू हिच्यात."

"बसते की. सकाळीच बसले होते."

"सकाळी तू चपलेचा पट्टा लावायला टेकलीस. त्याला बसणं म्हणतात?"

"बसणं कशाला म्हणतात, ते मला तुम्ही शिकवणार?"

खाटेवरून म्हातारीला ठसका लागला. मुलीने पुस्तकात तोंड खुपसलं. स्प्रिंग हसला नाही. त्याने हातातली पकड खाली ठेवली आणि जवळजवळ ओरडलाच, "त्या खुर्चीत झोपायचीस की तू! डॉक्टरीणबाईंच्या! तोंड उघडं टाकून! मग माझ्या खुर्चीत काय कमी आहे ते एकदा सांग, मी घालतो. काय वाटेल ते घालतो."

वहिनींनी बशी खाली ठेवली. "तुम्ही बघितलंत?"

"रोज बघायचो."

"रोज? अगं बाई!" वहिनींनी आधी डोक्याला हात लावला, मग तोंडाला. मग त्या जमिनीवरच, सांडलेल्या काथ्यात बसल्या आणि खुदुखुदू हसायला लागल्या. "म्हणून ही बिचारी रोज फाडली जातेय होय? अहो, त्या खुर्चीत काय होतं? मानेला टोचायचं तिचं कापड. त्या दिवसांत दार उघडत नव्हतं."

"दार?" स्प्रिंगला काही कळेना. "दाराचा काय संबंध?"

"कुणी आत येत नव्हतं. येताच येत नव्हतं. पहिल्या दिवशी तर मला कळेचना काय वेगळं झालंय. मशीन थांबवलं, तरी कुणाचा आवाज नाही. कुणी साखर मागेना, कुणी बातमी देईना. तुम्ही गाळ्यावर, ही कॉलेजात, आई झोपलेल्या. मी नुसती भिंतीकडे बघत उभी राहिले. उभं राहून कंटाळा आला म्हणून बसले. ती पुढ्यात होती म्हणून तिच्यात. पोतं असतं तर पोत्यावर बसले असते."

स्प्रिंग खुर्चीच्या उघड्या पोटाकडे बघत राहिला. काथ्या, कापूस, गोणपाट. एवढ्या थरांमध्ये दार कुठेच नव्हतं.

"मी तर केव्हाच ओळखलं होतं," म्हातारी म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं? आणि मलाही छान झोप लागायची रे तेव्हा."

"मग लाव की दार!" स्प्रिंग उठून फेऱ्या मारायला लागला. "दुपारी दार लावून घे. त्यात काय आहे?"

"दिवसाढवळ्या? मागे कोपऱ्यातल्या सूनबाईने लावलं, तर संध्याकाळपर्यंत तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती. बिचाऱ्याला घरी आल्यावर कळलं."

"मी सांगतो सगळ्यांना. दुपारचं कुणी यायचं नाही म्हणून."

"खबरदार!" वहिनी एकदम गंभीर झाल्या. "मला माणसं नकोशी झालीत, असं होईल ते. पोरीच्या तापात हळूकाकू माझ्याबरोबर जागल्यात. मला हवीत हो सगळी. फक्त दुपारचं थोडा वेळ नकोत. तेसुद्धा रोज नाही. आणि असं काय मोठं आहे त्यात? चार दिवस मिळालं, छान वाटलं. नाही मिळालं तर नाही. माझं काही अडलेलं नाही."

हेच. हेच ते 'बरं'. स्प्रिंग रात्री अंथरुणावर पडला, पण बायकोचं वाक्य डोक्यातून जाईना. ती भिंतीकडे बघत होती. काय बघत होती? तिलाही बहुतेक सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर तो गाळ्यावर गेला आणि इस्त्रीवाल्याला घेऊन परत आला. दोघांच्या खांद्यावर हॉटेलाचं एक लांब बाकडं होतं, उसवलेलं. ते त्याने स्वतःच्या घराच्या दारात, बाहेरून, दोन स्टुलांवर आडवं टाकलं. मग डोकं आत घालून बायकोला म्हणाला, "आतून कडी घाल."

"अहो, पण..."

"घाल म्हणतो ना. मी इथे काम करतोय."

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं, बाकड्याकडे बघितलं, आणि कडी घातली. ठोकाठोकीचं काम काढलं असतं तर आवाज झाला असता, म्हणून त्याने दाभण काढली आणि पट्टी शिवायला घेतली. पायाशी मूठभर चुका पसरून ठेवल्या.

हळूकाकू वाटी घेऊन आल्याच. "हे काय स्प्रिंगभाऊ? दारात दुकान? गाळा गेला की काय?"

"नाही हो. बाकडं लांब आहे. तिकडे मावत नाही."

"मागच्या महिन्यात मावलं होतं," हळूकाकू म्हणाल्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. "वहिनींना बरं नाही का?"

"उत्तम आहे."

"भांडलात?"

"नाही."

काकूंनी हवेत वास घेतला. काही शिजतही नव्हतं. "मग दार का लागलंय?"

"चुका सांडल्यात. पायात जातील कुणाच्या."

"चुका बाहेर सांडल्यात. कडी आतून लागलीय."

बहाणे करायला स्प्रिंग आधीच कच्चा, आणि काथ्याच्या थापा मारून झाल्यापासून त्याने खोटं बोलायची धास्तीच घेतली होती. त्याने दाभण कापडात खोचली. "काकू, तिला जरा एकटं बसू द्या. एवढंच आहे. थोड्या वेळाने उघडेल. साखर हवी असेल तर मी दुकानातून आणून देतो."

काकूंनी वाटीकडे बघितलं, दाराकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक बरंच काही जाऊन आलं. राग येईल असं स्प्रिंगला वाटलं. तो आला नाही. त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकल्या, वाटी मांडीवर ठेवली.

"एकटी बसून करतेय काय पण?"

"मला काय माहीत?"

"तुम्ही नवरा ना?"

"म्हणून तर आतल्यापेक्षा इकडेच जास्त घालमेल चाललीय," स्प्रिंग म्हणाला.

"बघा की फटीतून."

त्याने उठून एक फेरी मारली. दारापाशी गेला. लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर चीर होती, ती त्याला चांगली ठाऊक होती. तो तिच्यासमोर उभा राहिला, पाठीमागे हात बांधून, कुणीतरी ते हात सोडवील अशा भीतीने. मग वळला आणि परत बाकड्याशी आला.

"काय दिसलं?" काकूंनी विचारलं.

"बघितलं नाही."

आतून आवाज येत नव्हता. मशीनचा नाही, भांड्यांचा नाही, खुर्चीच्या करकरण्याचासुद्धा नाही. ती खुर्चीत होती की जमिनीवर, जागी होती की झोपलेली, कळायला मार्ग नव्हता. स्प्रिंगने एक टाका घातला. तो वाकडा गेला. उसवला आणि पुन्हा घातला.